त्या हाताची नोंद कुठे गेली?

निवृत्त होऊन सोलापुरात परतले त्याला चार वर्षं झाली, पण तो हात डोळ्यांसमोरून जात नाही.

शेजारच्या जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात कॅज्युअल्टीला रात्रपाळी होती. दोन पोलीस एका न्यायाधीन बंद्याला, म्हणजे खटला अजून संपला नाही अशा कैद्याला, घेऊन आले. विशीतला पोरगा. डाव्या हातावर ताज्या जखमा, खाली पांढरे पडलेले जुने वण. सोबतच्या कागदावर ‘पडून जखम’. माझं बोलणं ऐकून म्हणाला, "सिस्टर, सोलापूरच्या का?" तो आपल्या पूर्व भागातला, यंत्रमागवाल्यांच्या घरातला. मग आम्ही तेलुगूत बोललो. तो पडला नव्हता. मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी एमएलसीत, म्हणजे पोलीस प्रकरणासाठी रुग्णालय ठेवतं त्या नोंदीत, ‘स्वतः करून घेतलेली जखम’ लिहिलं. टाके पडले, पहाटे तो परत गेला.

परवा एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) तुरुंगांबद्दलचा २०२२चा अहवाल उघडला, त्यात त्याला शोधत बसले. देशभरात १,९९५ बंदी मरण पावले: १,७७३ नैसर्गिक, १५९ अनैसर्गिक, ६३ जणांचं कारण अज्ञात. १५९ पैकी ११९ आत्महत्या. ‘स्वतःला केलेली जखम’ हे शब्दही सापडले, पण आत्महत्येच्या प्रकारांत. म्हणजे मेल्यावर. टाके घालून परत गेलेल्यांना रकानाच नाही.

‘नैसर्गिक’वरही माझा भरवसा नाही. वेळेवर उपचार न मिळाल्याने बंदी गेला तर ते नैसर्गिक की अनैसर्गिक, हे सर्वोच्च न्यायालयानेच २०१७ साली विचारलं होतं.

इंग्लंड-वेल्समध्ये बंद्यांनी स्वतःला केलेल्या जखमांचे आकडे दर तिमाहीला जाहीर होतात. घटना वेगळ्या मोजतात, माणसं वेगळी. एकाने पाचदा केलं तर पाच घटना, एक माणूस. २०२३ मध्ये ७० हजारांवर घटना. आकडा भयंकर आहे, पण आहे तरी. त्यावर तिथे कुणाला तरी जाब विचारता येतो.

आपल्याकडे ‘पडून जखम’ का लिहितात, ते मला समजतं. चौकशी नको असते. बंदीही घाबरतो. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं कलम ३०९ गेलं, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम २२६ आहे: लोकसेवकावर दबाव आणायला आत्महत्येचा प्रयत्न केला, तर एक वर्षापर्यंत कैद. आधीच आत असलेल्या पोराने हे दुखण्यापोटी केलं की दबावासाठी, हे ठरवणार कोण? ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचाच कागद पुढे जातो.

मला एवढंच हवंय की तुरुंगाच्या नोंदीशेजारी रुग्णालयाची नोंदही मोजावी. एमएलसी नंबर तर आम्ही दर वेळी टाकतच होतो.