लष्करातल्या एका सरदारी कोठीतला मुक्काम

ग्वाल्हेरला जाणारा मराठी माणूस किल्ला, जयविलास राजवाडा आणि तानसेनाची समाधी पाहतोच. पण मुक्कामासाठी त्याने स्टेशनजवळच्या नव्या हॉटेलाऐवजी लष्कर या शहराच्या जुन्या भागातली एखादी कोठी निवडावी, असे मी आता आग्रहाने सांगेन. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांच्या फौजेने किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला, हळूहळू तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले आणि दख्खनमधून आलेली कितीतरी घराणी इथलीच होऊन गेली. त्यांपैकी एका घराण्याने आपल्या कोठीचा पुढचा भाग पाहुण्यांसाठी खुला केला आहे. मागच्या चौकात कुटुंब अजूनही राहते आणि त्यांना प्रसिद्धीची हौस नाही, म्हणून कोठीचे नाव इथे लिहीत नाही.

आम्हाला मिळालेल्या खोलीत रिकामी म्हणावी अशी हातभरही भिंत नव्हती. वर लाकडी तक्तपोशी, तिच्या प्रत्येक चौकटीत रंगवलेले कमळ, आणि मधोमध साखळीला टांगलेली निळ्या काचेची हंडी. कोनाड्यांच्या महिरपींत आरशांचे बारीक तुकडे बसवलेले होते, आणि शिसवी पलंगाच्या चारही खांबांवर लाकडी पोपट एकमेकांकडे पाठ करून बसले होते. जमिनीवर विलायती रंगीत फरश्या होत्या. त्या बहुधा एका कोपऱ्यापाशी संपल्या असाव्यात, कारण तेवढा तुकडा कोणीतरी पिवळसर ग्वाल्हेरी दगडाने, पण नक्षीची रेघ न मोडता, पुरा केला होता. समोरच्या भिंतीत इंग्रजी पद्धतीची शेकोटी होती. तिच्या दोन्ही बाजूंना पंख असलेली गुबगुबीत संगमरवरी बाळे आणि वरच्या फळीवर, अगदी त्या बाळांच्या मधोमध, पितळी अन्नपूर्णा. न्हाणीघरात सिंहाच्या पंजांवर उभे असलेले लोखंडी टब होते, आणि त्याच्यावरच्या खिडकीच्या रंगीत काचेत शिंदेशाही पगडी घातलेला एक घोडेस्वार.

अशा सजावटीला भडक म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि ग्वाल्हेरबद्दल तसे बोलणारे लोक मला भेटलेले आहेत. मला ते पटत नाही. या खोलीतली प्रत्येक वस्तू कुणाला तरी मनापासून आवडली म्हणून आली आहे, आणि तिच्यामागे काही ना काही कारण आहे. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये जयविलास बांधून घेतला, तेव्हा वास्तुकार मायकेल फिलोज यांनी त्याचा तळमजला टस्कन, पहिला मजला इटालियन डोरिक आणि त्यावरचा कोरिंथियन शैलीत रचला. दरबार हॉलमध्ये प्रत्येकी सुमारे ३.५ टन वजनाची दोन झुंबरे लागली. छत ते पेलेल की नाही हे पाहण्यासाठी आधी वर हत्ती चढवले होते, असे ग्वाल्हेरात आजही अभिमानाने सांगतात. जेवणाच्या टेबलावर चांदीची छोटी आगगाडी रुळांवरून पेयांचे चंबू घेऊन फिरे आणि चंबू उचलला की आपोआप थांबे. दरबारात हे वैभव पाहून घरी परतणाऱ्या सरदाराला आपल्या दिवाणखान्यातही एक झुंबर असावे असे वाटले, तर त्यात हसण्यासारखे काय आहे? त्याने झुंबर आणले, आरसे आणले, शेकोटी बांधली, आणि देव मात्र आजीने जिथे ठेवले तिथेच राहू दिले.

जिन्याच्या भिंतीवरच्या चित्रांपाशी मी बराच वेळ थांबले. रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाल्यावर लक्ष्मी-सरस्वतीच्या छापील तसबिरी घरोघरी गेल्या, हे आपण वाचलेले असते. इथल्या सरस्वतीला घरातल्या बायकांनी खऱ्या जरीचे काठ शिवले आहेत, गळ्यात बारीक मण्यांची माळ ओवली आहे, आणि वीणेच्या तारांच्या जागी खरी तार ताणली आहे. छापून आलेले चित्र त्यांनी असे आपल्या हाताचे करून घेतले. कोणत्याही संग्रहालयाने हे काम मानाने मांडले असते. इथे ते जिन्यात आहे आणि जाता-येता दिसते, हे मला अधिक आवडले.

पण या कोठीचे खरे सौंदर्य आयात केलेल्या वस्तूंत नाही, ते जाळ्यांत आहे. आमच्या खोलीच्या सज्जाला दगडी जाळी होती, आणि सकाळी तिच्यातून आलेले ऊन फरशीवर चांदण्यांची एक दुसरी नक्षी काढत असे. दहाच्या सुमारास ती विलायती नक्षीवर नेमकी येऊन पडे आणि थोड्या वेळाने सरकून जाई. आदल्या दिवशी आम्ही सूफी संत महंमद घौस यांच्या मकबऱ्यातल्या सोळाव्या शतकातल्या जाळ्या पाहिल्या होत्या. तीच भौमितिक शिस्त शेकडो वर्षांनंतरच्या या सज्जातही दिसली. उन्हाळ्यात ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा हीच जाळी ऊन अडवते आणि वारा आत घेते, म्हणजे ती नुसती शोभेची नाही. ग्वाल्हेरच्या पाथरवटांनी १८८० च्या दशकात घडवलेले एक प्रचंड दगडी प्रवेशद्वार लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्याच परंपरेतले काम उशाशी ठेवून इथे झोपायला मिळते.

घरातले वडीलधारे गृहस्थ, ज्यांना सगळेजण काकासाहेब म्हणतात, संध्याकाळी चौकात येऊन बसत. कोणी एक सजावटकार त्यांच्याकडे आला होता. भिंती मोतिया रंगाने रंगवा, कडांना सोनेरी पट्टे द्या, सगळ्या खोल्या एकसारख्या ‘राजेशाही’ करा, म्हणजे भाडे दुप्पट घेता येईल, असा त्याचा सल्ला होता. ‘अहो ताई, हे सगळं पुसून टाकलं तर आमच्या आजोबांना काय आवडायचं, हे नातवंडांना कळणार कसं?’ काकासाहेब म्हणाले. मला त्यांचे म्हणणे शंभर टक्के पटले. जुन्या वास्तूंची हॉटेले होतात तेव्हा त्यांचा विक्षिप्तपणा आधी कापला जातो आणि कुठल्याही शहरात चालेल असा एक राजवाडा उरतो. हे नुकसान भरून येत नाही. ज्या शहरात मानसिंह तोमरांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या महालाच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या-पिवळ्या फरश्यांची बदके, हत्ती आणि केळीची झाडे रांगेने बसवली, त्या शहराला मोतिया रंग शिकवायला जाऊ नये.

काकासाहेबांनी डागडुजीसाठी चितेरा ओळी या चित्रकारांच्या गल्लीतल्या कारागिरांना बोलावले आहे. लग्नघराच्या दाराशी गणपती आणि हत्ती-घोडे रंगवणारी ही ग्वाल्हेरची जुनी कला आहे, आणि तिला भिंती मिळणे अलीकडे कमी होत चालले आहे. माडीवरच्या ओवरीत त्यांचे काम सुरू होते. जुन्या चुन्याच्या गिलाव्याचे पोपडे निघालेले भागच तेवढे ते नव्याने रंगवत होते आणि जुना रंग शाबूत असेल तिथे हात लावत नव्हते. पाहुण्यांच्या पैशाचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

जेवण घरचे आहे: भरली वांगी, आमटी, आणि मागितल्यास पुरणपोळी. अशा कोठीत राहायचे तर थंडीत, शक्यतो डिसेंबरमध्ये तानसेन समारोहाच्या सुमारास जावे. उन्हाळ्यात वरच्या खोल्या तापतात. खोली ठरवताना वातानुकूलन आहे का, हे विचारण्याआधी सज्जा कोणत्या दिशेला आहे ते विचारा आणि पूर्वेकडची जाळी असलेली खोली मागून घ्या.