ऐंशीचा काटा

परवा दुपारी सातारा रोडला, भुईंजच्या आसपास, आम्हाला एसटीनं ओव्हरटेक केलं. शिवशाही वगैरे नव्हे, साधी लालपरी. तिच्या पत्र्याचा खडखडाट आमच्या बंद काचांतूनही ऐकू आला. एरवी ऐंशीच्या पुढं जायचं नाही आणि चढावर उगाच पाय दाबायचा नाही हा माझा नियम, त्यामुळं काटा सत्तरच्या जवळ उतरला होता. बायको मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "अहो, आता फक्त बैलगाडी यायची राहिली."

बैलगाडीचा उल्लेख तिनं टोमणा म्हणून केला, पण मला एकदम १९७३ आठवलं. तेव्हा पेट्रोल महागलं म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीत बसून संसदेत गेले होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेनं देशभर ताशी पंचावन्न मैलांची, म्हणजे आपल्या हिशेबात अठ्ठ्याऐंशी किलोमीटरची मर्यादा घातली. केवढाले रस्ते, केवढाल्या गाड्या, आणि सगळे अठ्ठ्याऐंशीवर. १९९५ मध्ये ती मर्यादा पूर्ण उठली. हे सगळं मी बायकोला सांगायला लागलो तेवढ्यात तिनं गाणी लावली.

एसटीचं मला वाईट वाटलं नाही. उलट त्या ड्रायव्हरचीच काळजी वाटली. एसटीत डिझेलचा हिशेब दहा लिटरमागं किती किलोमीटर असा करतात. केपीटीएल म्हणतात त्याला. आमच्या शेजारी एक एसटीतले ड्रायव्हर राहायचे. त्यांच्या तोंडी हा केपीटीएल इतक्यांदा यायचा की लहानपणी मला तो त्यांच्या डेपोतला कुणी साहेब वाटायचा. "यंदा केपीटीएल चांगला आहे", "केपीटीएल बिघडला की वरून विचारणा होते". काका सुट्टीच्या दिवशी सायकलसुद्धा अशी चालवत की उतार दिसला रे दिसला, पायडल बंद. पुढं वळण आहे, म्हैस आहे, शाळा सुटलीय, हे त्यांना शंभर पावलं आधी कळायचं आणि ते ब्रेकला हात न लावता तिथं आपोआप हळू होऊन पोचायचे. ब्रेक म्हणजे जाळलेलं डिझेल, असं ते म्हणत. यापेक्षा शहाणं वाक्य मी गाडीबद्दल आजवर ऐकलेलं नाही. एवढा पाय मारून गाडीला वेग द्यायचा, आणि मग तो चकतीवर घासून गरम हवेत सोडून द्यायचा!

आमच्या घरी मात्र केपीटीएल नव्हता, वही होती. बाबांच्या स्कूटरच्या डिकीत एक छोटी वही आणि रिफिल संपत आलेलं पेन. पंपावर आधी ऑइल, मग पेट्रोल; लिटरमागं वीस मिली, आणि ते वीस मिली बाबा त्या काचेच्या नळीत डोळे घालून मोजून घ्यायचे. मग वहीत किलोमीटरचा आकडा, लिटर, रुपये, आणि शेवटच्या रकान्यात अ‍ॅव्हरेज. ते चाळीसच्या खाली गेलं की घरात दोन दिवस वातावरण तंग. प्लग साफ व्हायचा, टायरमधली हवा बघितली जायची, आणि आईला मागच्या सीटवर भाजीच्या पिशव्या घेऊन बसल्याबद्दल एक सूचक कटाक्ष मिळायचा.

आजोळ वाईला. मी पुढं हँडलला धरून उभा, आई मागं आडवी बसलेली, तिच्या मांडीवर धाकटी. खंबाटकी चढताना स्कूटरचं विव्हळणं मला पायाच्या तळव्यातून जाणवायचं. माथा आला की बाबा क्लच दाबायचे आणि इंजिन बंद करायचे. एकदम सगळा आवाज थांबायचा. मग नुसता वारा, टायरची सरसर, आईच्या पदराची फडफड, आणि वळणावळणावर बाबांचं "घट्ट धर" हे दोनच शब्द. त्या काळी घाटात जाणारी-येणारी वाहतूक एकाच रस्त्यावर, समोरून ट्रक घुमत वर येत असायचे. आज कुणी पोराला पुढं उभं करून असा घाट उतरला तर मी स्वतः पोलिसांना फोन करीन. पण तेव्हा आम्ही फुकट चाललोय, हा आनंद बाबांच्या पाठीवरून पुढं मागं सगळ्यांपर्यंत पोचलेला असायचा. आईपर्यंत पोचायचा की नाही, शंका आहे. ती डोळे मिटून स्तोत्र म्हणायची.

बाबांना कुणी शिकवलं माहीत नाही, पण क्लच दाबण्यात एक तथ्य होतं. टू स्ट्रोक इंजिनाला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं. लांबलचक उतारावर गिअरमध्ये ठेवून थ्रॉटल बंद केला तर इंजिन गरगर फिरत राहतं आणि त्याला ऑइल पुरेसं मिळत नाही. आजच्या गाड्यांचं नेमकं उलट आहे. इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून पाय काढला की इंजिनाला जाणारं पेट्रोलच तोडलं जातं. चाकं इंजिनाला फिरवत राहतात. न्यूट्रल टाकलंत तर मात्र इंजिनाला जिवंत राहायला स्वतःचं थोडं पेट्रोल लागतं. म्हणजे घाटात न्यूट्रल टाकणारा माणूस पेट्रोलही जास्त जाळतो आणि ब्रेकही. हे मी आमच्या सोसायटीतल्या चौघांना समजावून सांगितलंय. चौघंही मान डोलावतात आणि घाट आला की न्यूट्रल टाकतात.

दूरदर्शनवर तेव्हा इंधन बचतीच्या जाहिराती लागायच्या. पीसीआरए नावाची सरकारी संस्था, १९७८ मध्ये स्थापन झालेली, ताशी पंचेचाळीस ते पंचावन्ननं गाडी चालवा असं सांगायची. आता एक्स्प्रेसवेवर पंचेचाळीसनं जाऊन बघा. मागून येणारे तुमच्या कुळाचा उद्धार करतील आणि मी म्हणेन बरोबर करतात. शंभरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर अडथळा होऊन बसणं यात कसली आलीय बचत. म्हणून मी ऐंशी धरलाय. डावीकडून, ट्रकच्या शेजारानं. अर्थात ट्रक डावीकडं असतील तर! आपल्याकडं ट्रकांना उजवी लेन जन्मसिद्ध वाटते, त्यामुळं ऐंशीनं चालणाऱ्या माणसालासुद्धा कधीकधी नाइलाजानं डावीकडून पुढं जावं लागतं आणि तेव्हा फार अवघडल्यासारखं होतं.

ऐंशीच का, तर वारा. साधारण तिथपर्यंत टायरचं घर्षण आणि वाऱ्याचा अडसर यांचं बऱ्यापैकी जमतं. पुढं वारा बाजी मारतो, कारण त्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. ऐंशीचे शंभर केलेत तर वेग सव्वापट, वारा दीडपटीहून जास्त. एकशेवीसला सव्वादोनपट. टपावर कॅरियर असला तर विचारूच नका. मी आमचा काढून टाकला. आंब्याच्या पेट्या आता मागच्या सीटवर येतात, आणि मागच्या सीटवरची माणसं त्या मांडीवर घेतात.

आता हिशेब. पुणे-कोल्हापूर दोनशे तीस किलोमीटर धरा. सलग शंभरनं दोन तास अठरा मिनिटं, ऐंशीनं दोन तास बावन्न. चौतीस मिनिटांचा फरक. माझी गाडी शंभरच्या वेगाला लिटरमागं सोळा किलोमीटर देते, ऐंशीला एकोणीस. म्हणजे सव्वादोन लिटर वाचलं, दोनशे चाळीस रुपयांच्या आसपास. तेवढ्यात चौघांची मिसळ होत नाही. टोलचं तर नावच नको. आणि सलग शंभर कुणाला मिळतात? खेड शिवापूरपर्यंतच गाडी तीस-चाळीसवर रांगते, पुढं सहापदरीची कामं, वळवलेले रस्ते, कराडची गर्दी. मघाशी सणकन निघून गेलेली पांढरी गाडी टोलनाक्यावर आपल्या दोन गाड्या पुढंच उभी दिसते, आणि आतला माणूस फास्टॅग चालत नाही म्हणून खिसे चाचपत असतो. हे दृश्य मला फार आवडतं. स्वभावात खोट आहे म्हणा हवं तर.

तेव्हा पैशांसाठी मी हे करतो असं म्हणणं खरं नाही. डॅशबोर्डवर अ‍ॅव्हरेजचा आकडा असतो, तो १९.१ वरून १९.२ झाला की मला बरं वाटतं. एवढंच. तो दशांश घरी कुणालाही दाखवता येत नाही, वहीतही लिहिला जात नाही. मुलगी म्हणते, हा एकट्यानं खेळायचा खेळ आहे, आम्हाला ट्रेननं पाठवा.

माझा भाचा या सगळ्यावर वर्षानुवर्षं हसत आला. त्याच्या गाडीत बसलं की काटा एकशेदहाच्या खाली बघायला मिळायचा नाही. "मामा, आयुष्य छोटं आहे." गेल्या दिवाळीत त्यानं इलेक्ट्रिक गाडी घेतली. या गाड्यांचं एक बरं असतं, इंजिनातली बरीचशी उधळपट्टी त्यांच्यात नाहीच. पण म्हणूनच वाऱ्यानं खाल्लेलं लगेच दिसतं. शंभरच्या पुढं नेलं की बॅटरीचे टक्के डोळ्यांदेखत पडायला लागतात, आणि पुढचा चार्जर चालू असेल की नाही हे पोचल्याशिवाय कळत नाही.

परवा तो कोल्हापूरला निघाला. शिरवळच्या आधीच फोन. स्पीकरवर आवाज एकदम शांत, जबाबदार. "मामा, ऐंशीनं चाललोय. एसी पण कमी ठेवलाय." मी बरं म्हणालो. पुढं खंबाटकी उतरताना चाकांनीच मोटर फिरवून बॅटरीत एक टक्का परत भरला, तर त्यानं शेजारी बसलेल्या बायकोला स्क्रीनचा फोटो काढायला लावून घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे दिले, मीही दिला.

रात्री मला एकट्याला मेसेज आला. टपावरचा कॅरियर काढला तर किती फरक पडेल? पाना माळ्यावर आहे, येऊन घेऊन जा, असं मी कळवलं.