आमची वाटचाल: एक उघडी स्लूप, बारा माणसं

आमची स्लूप, म्हणजे पर्यटकांना कालव्यांतून फिरवायची लहान बोट, साडेसात मीटरची आहे. वर छप्पर नाही, बाजूला काच नाही, कानात अडकवायची यंत्रं नाहीत. बारा माणसं बसतात, तेरावं आम्ही घेत नाही. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांत शंभर माणसांच्या बंद बोटी फिरतात, त्यांच्या शेजारून आमची बोट गेली की लोकांना ती लहान वाटते. पण पुलाच्या कमानीखालचा ओला दगड डोक्यावरून जाताना पाहायचा असेल, तर उघड्या बोटीला पर्याय नाही.

सुरुवात 2009 मधली. आमचे पहिले भागीदार याच शहरातले, पाण्यावरच म्हातारे झालेले. त्यांच्याकडे बोट होती, मुदत नसलेला जुना परवाना होता आणि दोन्ही गुडघे गेले होते. माझ्याकडे दिवसाला सहा फेऱ्या मारायची ताकद होती. पहिला महिनाभर त्यांनी मला चाकाला हात लावू दिला नाही. दोर, फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून लावायचे उसे) आणि आकडी, एवढंच काम. ती आकडी आजही बोटीत आहे. ॲश लाकडाचा तीन मीटरचा दांडा, टोकाला पितळ, आणि मधोमध त्यांच्या तळव्यानं गुळगुळीत झालेली जागा. धक्क्याला आकडी टेकवायची ती दगडावर, विटांच्या सांध्यात कधीच नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की आता झोपेतही हात दगडच शोधतो. आणखी दोन नियम त्यांचे: आंधळ्या वळणावर एक लांब भोंगा द्यायचा, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक स्किपरला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, हात वर करायचा, मग तो कुणाचाही असो.

फेरीचा मार्गही त्यांनीच बसवला. ब्राउवर्सग्राख्तकडून (ग्राख्त म्हणजे कालवा) शिरायचं, कारण 1613 मध्ये नव्या कालव्यांचं खोदकाम त्याच टोकापासून सुरू झालं. मग प्रिन्सेनग्राख्त, वेस्टरकेर्क चर्चचा मनोरा, 263 नंबरचं ॲन फ्रँकचं घर. तिथं आम्ही बोलत नाही. नंतर हेरेनग्राख्त, आणि रेगुलीर्सग्राख्तच्या तोंडाशी वेग तोडून एकामागे एक सात पूल दाखवायचे. शेवटी आम्स्टेल नदीवर माखेरे ब्रुख हा पूल. सध्याचा लाकडी पूल 1934 चा आहे, हे आम्ही सांगतो. बरेच जण तो कालवे खोदले तेव्हाचाच असल्यासारखं बोलतात. ताशी 6 किलोमीटरची मर्यादा आम्ही कधी मोडली नाही. हाउसबोटीत राहणाऱ्यांना आमच्यामुळे भिंत धरावी लागलेली नाही.

2018 पर्यंत चांगलं चाललं. मध्ये 2015 च्या 1 ऑक्टोबरला युरोपीय न्यायालयाचा निकाल आला. तो खटलाही ॲमस्टरडॅममधल्या एका उघड्या बोटीच्या परवान्यावरूनच होता. परवान्यांची संख्या मर्यादित ठेवायची असेल तर ते बेमुदत देता येणार नाहीत, असं त्यात ठरलं. भागीदार त्या रात्री झोपले नाहीत. "कागद गेला तरी बोट आपलीच आहे," असं ते दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, पण चेहरा पडलेला होता.

2018 च्या हिवाळ्यात आम्ही डिझेल इंजिन काढून विजेची मोटर बसवायला घेतली. प्रवासी बोटींना 2025 पासून धूर सोडता येणार नाही हे दिसतच होतं. उशिरा घाई करण्यापेक्षा आधी करू, असा विचार. ज्यांना काम दिलं त्यांनी 48 व्होल्टच्या बॅटरीचे चोवीसही सेल नाकाकडे बसवले. पाठीमागचं इंजिनाचं वजन गेलेलं, पुढे शिशाचं वजन आलेलं. बोट नाकावर बसली आणि सुकाणू पाण्यात धरेना. सगळं काढून मधोमध तळाला पुन्हा बसवण्यात जून उजाडला. 27 एप्रिलचा राजाचा दिवस गेला, ट्यूलिपचा मोसम गेला.

त्या तीन महिन्यांत एका मोठ्या बोटवाल्यानं जे केलं ते मी विसरलेलो नाही. आम्हाला दहा वर्षं गिऱ्हाईक पाठवणाऱ्या हॉटेलांत जाऊन त्यानं सांगितलं की आमचा धंदा बंद झाला. दुप्पट कमिशन देऊ केलं. आमचा स्किपर, ज्याला मी स्वतः दोर बांधायला शिकवलं, तो त्याच्याकडे गेला आणि जाताना गिऱ्हाइकांच्या नंबरांची वही घेऊन गेला. मी हॉटेलांत गेलो तेव्हा काउंटरवरची मुलगी मला म्हणाली, "तुम्ही अजून आहात?"

हो, आहोत.

सावरतो न सावरतो तोच मार्च 2020 आला. शहर ओस पडलं. कालव्याचं पाणी इतकं स्थिर मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते बघवत नव्हतं. बँकेचा हप्ता थांबत नव्हता. पत्नीनं बोट विकायची जाहिरात लिहूनही ठेवली होती. तेव्हा एका आजींचा फोन आला. त्या पहिल्या वर्षापासून दर मे महिन्यात येतात. यजमान होते तेव्हा दोघं, नंतर एकट्या. जागा ठरलेली, पुढे डावीकडे. फेरी कधी सुरू होईल हे त्यांनी विचारलंच नाही. पुढच्या पाच फेऱ्यांचे, आणि तेही पूर्ण बोटीचे, पैसे त्यांनी त्याच आठवड्यात पाठवले. सोबत एक ओळ होती: माझी जागा ठेवा. जाहिरात फाडली.

त्याच वर्षी 1 सप्टेंबरला ग्रिमबुर्गवाल कालव्याचा धक्का पाण्यात कोसळला. तपासणीखाली असलेले असे जुने धक्के शहरात सुमारे 200 किलोमीटर आहेत, लाकडी खांबांवर उभे. आकडी दगडावरच टेकवा, असं भागीदार का ओरडायचे ते त्या दिवशी मला पुरतं कळलं. ते बघायला ते स्वतः राहिले नव्हते.

जुनी इलेक्ट्रिक स्लूप घेणाऱ्यांना एक सांगतो. रंग आणि गाद्या बघू नका, हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजायची नळी, घेऊन जा. पूर्ण चार्ज करून, काही तास थांबून, प्रत्येक सेल स्वतः मोजा. आकडा 1.28 च्या आसपास हवा. बाकी नीट आणि एकच सेल 1.20 वर असेल, तर "तेवढा बदलून देतो" म्हणणाऱ्यावर विसंबू नका. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर भरा, आधी भरलंत तर आम्ल उतू जाऊन तळ खातं. आणि गिऱ्हाइकांची वही घरी ठेवा.

आजींची पाचवी फेरी झाली. या वेळी त्यांना बोटीत उतरवायला दोघांनी धरावं लागलं. रेगुलीर्सग्राख्तच्या तोंडाशी मी मोटर बंद केली. सात पुलांखालून येणारा वारा ऐकू येत होता. तेवढ्यात त्या मोठ्या कंपनीची बोट समोरून आली. चाकावर आमचाच जुना स्किपर. त्यानं हात वर केला.

भागीदारांचा नियम मला ठाऊक आहे. माझा हात अजून वर झालेला नाही.