आमची वाटचाल : गाडी आधी खड्ड्यावर

जळगावहून धुळ्याकडे निघालं की बांभोरीला गिरणेचा पूल लागतो. त्याच्या अलीकडे हायवेला लागून आमचं गॅरेज आहे, आणि गॅरेजच्या मधोमध गाडी खालून बघायचा एक खड्डा. साडेचार फूट खोल, तळाला शहाबादी फरशी, उतरायला सहा पायऱ्या. १९९१ मध्ये आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो बांधून घेतला. तेव्हा यावल, चोपडा, रावेरकडे धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या कमांडर जीपा हेच आमचं सगळं गिऱ्हाईक होतं. पाटे तुटायचे, क्रॉस झिजायचे, क्लच जळायचे. आप्पा एकही गाडी खड्ड्यावर घेतल्याशिवाय हातात घेत नसत. ड्रायव्हरने सांगितलेलं ऐकायचं, पण त्यावर काम करायचं नाही. आधी खाली उतरायचं, बॅटरी मारायची, मग बोलायचं.

मी आयटीआयला मोटर मेकॅनिक केलं आणि २००८ पासून पूर्णवेळ गॅरेजवर आलो. तोवर काळ्या-पिवळ्या कमी होत चालल्या होत्या. २००९ मध्ये फॉर्च्युनर आली आणि आपल्याकडच्या बागायतदार मंडळींना मोठ्या गाडीची जी ओढ लागली ती आजपर्यंत कमी झालेली नाही. नवीन परवडत नाही, मग जुनी बघा. लोक विचारायला लागले, "भाऊ, तुमच्या नजरेत एखादी असेल तर सांगा." २०१२ मध्ये मी गॅरेजच्या बाजूला पत्र्याचं शेड टाकलं आणि जुन्या एसयूव्ही विकायला सुरुवात केली.

पहिली दोन वर्षं बरी गेली. मग २०१४ मधला तो सौदा आला. त्याच्यामुळेच आमचं दुकान आज जसं आहे तसं आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो.

रावेर तालुक्यातले एक केळी बागायतदार, आम्ही त्यांना नाना म्हणतो. घरात लग्न होतं, दारात भारी गाडी हवी होती. माझ्याकडे मुंबई पासिंगची एक जर्मन एसयूव्ही आली होती. ६२ हजार किलोमीटर, आतलं लेदर नव्यासारखं, एअर सस्पेन्शन, म्हणजे गाडी लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी फुग्यांवर. बटण दाबलं की गाडी उचलायची, दाबलं की बसायची. नाना खूश, मी खूश. हायवेवर दहा मिनिटांची चक्कर मारली आणि सौदा झाला. शेडपासून खड्डा पंधरा पावलांवर होता. गाडी खड्ड्यावर घेतली नाही.

तीन महिन्यांनी, ऐन पावसाळ्यात, सकाळी नानांचा फोन आला. गाडी अंगणात उभी होती आणि मागची डावी बाजू जमिनीला टेकली होती. टोइंग करून आणली आणि मग खड्ड्यात उतरलो. एअर स्प्रिंगचं रबर ज्या ठिकाणी दुमडतं तिथे सगळीकडे बारीक भेगा होत्या, जुन्या चपलेच्या पट्ट्याला पडतात तशा. हवा रात्रभर गळत होती, कॉम्प्रेसर ती भरून काढण्यासाठी चालत राहिला होता आणि शेवटी तोही जळला होता. त्या भेगा तीन महिन्यांच्या नव्हत्या. दोन वर्षांच्या तरी होत्या. खर्च दीड लाखाच्या पुढे जात होता.

नाना ओरडले नाहीत. चहा घेतला आणि एवढंच विचारलं, "भाऊ, तू गाडीना खाल वाकीसन दखं व्हतं का?"

मी नाही म्हणालो. त्याच दिवशी गाडी परत घेतली, पैसे तीन हप्त्यांत फेडले. त्या वर्षी घरात दिवाळीला नवीन कपडे आले नाहीत. आप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः खड्डा धुऊन काढला.

तेव्हापासून नियम ठरला. विकायची गाडी असो की गिऱ्हाइकाने बाहेर कुठे पाहिलेली असो, ती आधी खड्ड्यावर. आणि खड्ड्याच्याही आधी एक गोष्ट: गिऱ्हाइकाला बसवून त्याचा आठवडा विचारायचा. सोमवार ते रविवार गाडी कुठे कुठे जाणार? घर ते दुकान किती किलोमीटर? शेत रस्त्याला लागून की आत? पावसाळ्यात शेतात जाता का, की सालदार जातो? बहुतेकांचा आठवडा असा निघतो: पाच दिवस गावात, एक दिवस हायवेला, आणि एक दिवस शेताची पाणंद किंवा मनुदेवी, पाल, तोरणमाळ. म्हणजे गाडी रोजची हवी आणि थोडी आडवाटेचीही. या दोन गरजा एका गाडीत बसवताना कुठेतरी तडजोड करावी लागते, आणि ती कुठे करायची हे गिऱ्हाइकाने स्वतः ठरवावं, विकणाऱ्याने नाही, असं माझं ठाम मत आहे.

जाहिरातीत ऑफ-रोडिंग म्हणजे खडक आणि वाळवंट दाखवतात. खानदेशात ते काळ्या मातीत असतं. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि टायरच्या खाचांत गच्च बसते. दहा फुटांत टायर गुळगुळीत होतो, मग चारही चाकं फिरत असली तरी गाडी जागच्या जागी. मी कितीतरी भारी गाड्या ट्रॅक्टरने ओढून काढलेल्या आहेत आणि त्यातल्या निम्म्या फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या होत्या. त्यामुळे आमच्याकडे टायरची चर्चा इंजिनाइतकी होते. महामार्गाच्या एच-टी टायरवर चिखलात जाऊ नका. ए-टी, म्हणजे सगळ्या रस्त्यांचे टायर घ्या, आवाज थोडा वाढेल, अॅव्हरेज थोडं कमी होईल, पण खाच मोठी असल्याने माती बाहेर फेकली जाते. आणि शक्य असेल तर पाऊस उघडल्यावर अर्धा दिवस थांबा. वरची साय सुकली की तीच पाणंद साधी गाडीही पार करते.

टायर बघताना बाजूचा चार आकडी शिक्काही वाचा. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. गाडी ३५ हजार चालली म्हणतात आणि तिला तिसरा सेट आहे, तर मीटरबद्दल प्रश्न विचारायला हवा. फुल-टाइम फोर-व्हील ड्राइव्हच्या, म्हणजे चारही चाकांना कायम ताकद देणाऱ्या गाडीत पुढे एक कंपनी, मागे दुसरी, दोन झिजलेले, दोन नवे असे टायर दिसले की मी जास्तच सावध होतो. चाकांच्या घेरात फरक पडला की मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगातला फरक सांभाळणारा गिअरचा संच, सतत राबत राहतो आणि तो बिघडला तर टायरच्या दसपट बिल येतं.

खड्ड्यात उतरल्यावर पहिलं काम ट्रान्सफर केसचं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीचं. त्याच्या सीलजवळ तेलाचा ओलावा आहे का, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने हलतात का, डिफरन्शियलच्या ब्रीदरवर, म्हणजे हवा जायच्या तोंडावर, चिखल बसलाय का. मग गाडी बाहेर मातीवर काढायची, उभी करायची, न्यूट्रलला टाकायची आणि फोर-एल लावायचा, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद देणारी लो रेंज. इथे फार गाड्या नापास होतात. मागच्याच वर्षी एक फॉर्च्युनर आली, २०१७ ची, फोर-बाय-फोर ऑटोमॅटिक, दिसायला आरशासारखी. नॉब फिरवला, दिवा लुकलुकत राहिला, स्थिर होईना. मालकाने सात वर्षांत एकदाही फोर-एल लावला नव्हता. लो रेंज ओढणारी मोटर जागीच जाम. गाडीत दोष नव्हता, वापर नव्हता. आम्ही मोटर उघडून साफ केली, चालू झाली. पण घेणाऱ्याला ते आधी कळलं म्हणून त्याने त्या हिशेबाने भाव ठरवला. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी महिन्यातून एकदा तरी मातीवर फोर-एल लावून शंभर पावलं चालवावी. डांबरावर मात्र नाही. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकं जोडणारी सिस्टीम डांबरावर लावून वळवली की पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो ताण कुठे निघत नाही आणि गिअर अडकतात.

लोक विचारतात, फॉर्च्युनर की जर्मन? सरळ सांगतो. आत बसल्यावरचं सुख, हायवेवरची पकड, शांतता, यात जर्मन आणि स्वीडिश गाड्या पुढे आहेत, याबद्दल वाद नाही. पण त्यांतल्या बहुतेकींना लो रेंज नसते, टायरची कड पातळ असते आणि एअर सस्पेन्शनचं रबर वयाने म्हातारं होतंच, गाडी कमी चालली तरी. ज्याची आडवाट म्हणजे कच्चा रस्ता आणि एखादा फार्महाउस आहे त्याने ती जरूर घ्यावी. ज्याला खरंच पाणंदीत उतरायचंय त्याने चेसिसवरची, म्हणजे खाली वेगळा लोखंडी सांगाडा असलेली गाडी घ्यावी. त्यातही फॉर्च्युनरचा २.७ पेट्रोल फोर-बाय-फोरमध्ये मिळतच नाही, हे न बघता इसार देऊन आलेले लोक मी पाहिलेत. फोर्ड एंडेव्हरचा ३.२ लिटर पाच सिलिंडरचा फोर-बाय-फोर हा माझा आवडता. कंपनी ८०० मिलिमीटर पाण्यातून जायची क्षमता सांगते. २०२१ मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केल्यावर लोक घाबरले. ज्यांना जवळ ओळखीचा मिस्तरी आहे त्यांना मी आजही ती सुचवतो, नसेल तर नाही.

रोजच्या वापराची खरी गोम डिझेलच्या डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये आहे. सराफ बाजारातले एक गिऱ्हाईक दोन वर्षांपूर्वी तक्रार घेऊन आले, गाडी दम धरत नाही. ऑइलची काडी काढली तर पातळी खुणेच्या वर आणि बोटाला डिझेलचा वास. घर ते दुकान साडेतीन किलोमीटर, दिवसातून चार खेपा. सायलेन्सरमधला हा फिल्टर काजळी जाळायला जादा डिझेल मागतो, पण इंजिन तापेपर्यंत गाडी बंद होते. ते डिझेल मग ऑइलमध्ये उतरतं. अशा माणसाने दर आठवड्याला भुसावळ किंवा पाळधी-एरंडोलपर्यंत एका दमात अर्धा तास चालवायला हवी. नाहीतर सरळ पेट्रोल घ्यावं, मग भले फोर-बाय-फोर मिळो न मिळो. त्यांना मी मोठी डिझेल विकून छोटी पेट्रोल घ्यायला लावली.

आणखी एक, जे पुण्या-मुंबईचा तपासणीवाला बघणार नाही. आपल्याकडे जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू हवेत असतात. एसीचा कंडेन्सर आणि त्यामागचा रेडिएटर यांच्या फटीत ते धुळीसकट बसतात. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते. आम्ही दोन्ही सुटे केले की आतून नमद्यासारखी करडी चादर निघते, अक्षरशः हाताने सोलता येते. मे महिन्यात ४५ अंशांवर, तोरणमाळच्या घाटात, गाडी तापते ती त्या चादरीमुळे. म्हणून उन्हाळ्याआधी खानदेशातल्या गाडीची ही फट उघडून बघायलाच हवी.

कागदांचं टेबल आमच्या सौभाग्यवती सांभाळतात आणि त्या माझ्याहून कडक आहेत. दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी घेऊन कुणी आलं की त्या आधी खाली बसवतात. हरित लवादाचा २०१५ चा बंदीचा आदेश आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठेवलेली तीच भूमिका, यामुळे तिथल्या १० वर्षांवरच्या डिझेल गाड्या कमी भावात इकडे यायला लागल्या. पण तिथली एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, जळगावच्या एमएच १९ चा नवा नंबर हे सगळं धरलं की स्वस्ताई बरीच ओसरते. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, तो उतरवायचा फॉर्म ३५ मिळतोय का, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही गाडीच्या खऱ्या मालकाचीच आहे का, हे बघितल्याशिवाय त्या इसार देऊ देत नाहीत. विमाही १४ दिवसांत नावावर करायला लावतात. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, हेही बऱ्याच जणांना तिथेच कळतं.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये शेड रिकामं झालं. सगळ्या गाड्या मिळेल त्या भावाला दिल्या. तेव्हा ठरवलं की विक्री कमी आणि तपासणी जास्त. गाडी आमच्याकडून घ्या किंवा नका घेऊ, तपासणीची फी एकच आणि ती आधी. सुरुवातीला लोकांना पटलं नाही, "बघायचेही पैसे?" म्हणायचे. वर्षभर हात तंग होता. पण ज्याला आम्ही "घेऊ नका" सांगितलं तोच पुढच्या गाडीला परत यायला लागला. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, तेही आम्ही काढलं. आज गॅरेजवर चार माणसं आहेत. शेडमध्ये एका वेळी तीनपेक्षा जास्त गाड्या ठेवत नाही. गिऱ्हाइकाला एक गोष्ट मात्र प्रत्येक वेळी सांगतो: गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला असेल तरच भारी गाडीला हात लावा. वीस लाखांची घेताना चार लाख वेगळे. ते नसतील तर सोळाची बघू, त्यात कमीपणा नाही.

गेल्या दसऱ्याच्या आधी नाना आले. दहा वर्षांत गॅरेजची पायरी चढले नव्हते. रस्त्यात भेटले की रामराम तेवढा व्हायचा. बरोबर मुलगा आणि त्याने पुण्यात पसंत केलेली २०१८ ची फोर-बाय-फोर. गाडी खड्ड्यावर घेतली. मी खाली उतरलो तर वर काठावर नाना गुडघ्यावर हात टेकून वाकलेले. म्हणाले, "बॅटरी इकडे दे." मी दिली. मागच्या डिफरन्शियलच्या सीलजवळचा ओलावा त्यांनीच आधी दाखवला. फोर-एल व्यवस्थित लागला, टायर एका सेटचे होते, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला तर पुराच्या पाण्याचा कुठे डाग नव्हता. सीलचे पैसे भावातून कमी झाले.

पहिल्या रविवारी ते गाडी घेऊन मनुदेवीला गेले. परत येताना चाकांच्या कमानीत माती घेऊनच गॅरेजवर थांबले, आणि खालून धुऊन घेऊन मग रावेरला गेले.