चितोडचे दोन स्तंभ: दुर्बीण विसरू नका

विजयस्तंभाच्या 157 पायऱ्या चढायच्या म्हणून आईने सकाळीच गुडघ्याला पट्टा बांधला होता. गडावर पोचलो तर स्तंभाच्या दाराला कुलूप. आत सोडत नाहीत, खालूनच बघा, असं पहारेकऱ्याने सांगितलं. आई मनातून खूश झाली असावी.

मग खालूनच बघितला, चांगला तासभर. नऊ मजले, 37 मीटर उंची. माळव्याचा सुलतान महमूद खिलजी याच्यावरच्या विजयाची आठवण म्हणून राणा कुंभाने उभारला, 1448 मध्ये पुरा झाला. माथ्यावरचा घुमट मात्र त्या काळचा नाही. वीज पडून मूळचा मोडला आणि 19व्या शतकात महाराणा स्वरूपसिंहांनी तो पुन्हा बांधून घेतला. एकदा हे कळलं की नजर सारखी तिथेच जाते. खाली बोटभरही जागा मोकळी नाही, इतकं दाट कोरीवकाम, आणि वर ती साधी टोपी. मला तरी ती उपरीच वाटली.

कुलपाचं खरं दुःख वेगळंच. शिल्पी जैता आणि त्याच्या मुलांची नावं पाचव्या मजल्यावर कोरलेली आहेत. तिसऱ्यावर अरबी लिपीत ‘अल्लाह’ आहे, तेही सुलतानावरच्या विजयाच्या स्मारकात! सर्वांत वर प्रशस्तीच्या शिळा होत्या, त्यातल्या मोजक्याच उरल्या. हे सगळं आत. तेव्हा जाण्याआधी वर सोडतात का याची चौकशी करा, आणि काही झालं तरी बाहेरचं कोरीवकाम बघायला दुर्बीण न्या.

बहुतेक लोक इथूनच परत फिरतात. तसं करू नका. गडाच्या पूर्व कडेला जैन कीर्तिस्तंभ आहे. उंचीने कमी, साधारण 22 मीटर, पण वयाने मोठा. तो पहिले तीर्थंकर आदिनाथ यांचा, जीजा नावाच्या बघेरवाल (ही एक जैन जात) व्यापाऱ्याने बांधलेला. आमच्या कारंजा लाडकडे बघेरवाल घरं आहेत, त्यामुळे आईला एकदम माहेरचं कोणी भेटल्यासारखं झालं. यालाही माथ्याकडे डागडुजी झालेली आहे. इथे गर्दी नव्हती, निवांत बसता आलं.

गड पाचेक किलोमीटर लांब आहे, पायी फिरायच्या भानगडीत पडू नका. खालीच रिक्षा ठरवा आणि ‘कीर्तिस्तंभसुद्धा’ हे भाडं बोलतानाच सांगा, नाहीतर रिक्षावाला तो गाळतो. सकाळच्या उन्हात आधी कीर्तिस्तंभ, विजयस्तंभ दुपार कलल्यावर. खाण्याची पिशवी हातात मिरवू नका. आमचा चिवडा वानरांनी खाल्ला.