किटलीपासून मागे कोळशापर्यंत

पाणी तापवायला विजेची किटली बरी की गॅसची शेगडी, हे मला स्वतः मोजून बघायचं होतं. दोन्हीकडे 1 लिटर पाणी घेतलं आणि 25 अंशांवरून 95 अंशांवर नेलं. 1 किलो पाणी 1 अंशाने तापायला सुमारे 4.2 किलोज्यूल लागतात. म्हणजे पाण्यात 294 किलोज्यूल उतरायलाच हवेत.

किटलीच्या प्लगला मीटर लावला. 0.09 युनिट वीज गेली, म्हणजे 324 किलोज्यूल. कार्यक्षमता 90 टक्के! गॅससाठी छोटा सिलिंडर आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवला. उघड्या भांड्याला 14 ग्रॅम गॅस लागला, झाकण ठेवल्यावर 12. एका ग्रॅममागे 46 किलोज्यूल धरले, तर 45 आणि 53 टक्के. नुसत्या झाकणाने एवढा फरक पडतो, हे मोजल्यावरच पटलं.

किटली जिंकली म्हणून थांबता आलं असतं. पण वीज प्लगमध्ये तयार होत नाही, म्हणून हिशेब मागे नेला. जुन्या धाटणीच्या कोळशाच्या केंद्रात जळणातल्या ऊर्जेपैकी साधारण 35 टक्क्यांचीच वीज होते. यात हलगर्जी नसते. उष्णतेवर चालणाऱ्या यंत्राची कमाल मर्यादा सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने 1824 मध्येच दाखवली होती: 540 अंशांची वाफ आणि 40 अंशांचा कंडेन्सर (वापरलेली वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करणारा भाग) असेल, तर आदर्श यंत्रसुद्धा सुमारे 61 टक्क्यांपलीकडे जात नाही. प्रत्यक्षात सर्वांत मोठा वाटा कंडेन्सरच्या थंड पाण्यात जातो. पुढे तारांमध्ये गळती. तीही व्होल्टेज वाढवून आटोक्यात ठेवलेली असते. व्होल्टेज दहापट केलं, की त्याच तारेतून तेवढीच वीज नेताना होणारी उष्णता शंभरावा भाग उरते. तारांसाठी मी 10 टक्के धरले.

0.35 × 0.9 × 0.9. कोळशापासून मोजलं तर किटली 28 टक्क्यांवर आली, शेगडीच्या बरीच खाली. (गॅस शुद्ध करून आणण्याचा खर्च मी धरलेला नाही, धरला तर शेगडी थोडी उतरेल.)

मग पहिल्या पायरीवर जलविद्युत ठेवून पाहिली. चांगलं टर्बाइन आणि जनित्र मिळून 90 टक्क्यांच्या घरात जातात, कारण तिथे उष्णतेची पायरीच नाही. तीच किटली, त्याच तारा, आणि उत्तर 73 टक्के. सौर पॅनेलची 20 टक्के कार्यक्षमता मात्र मी या रांगेत बसवली नाही. न वापरलेलं ऊन कोळशासारखं साठून राहत नाही, त्यामुळे ती तुलना मला न्याय्य वाटत नाही. आता कुणी कार्यक्षमतेचा आकडा सांगितला, की मोजणी कुठून सुरू केली, हे मी आधी विचारते.