मागे कॅम्पर, खाली काटा

आज दिवसभर गाडीमागे कॅम्पर, म्हणजे राहायची सोय असलेला ट्रेलर, ओढला आणि इंधनाचा काटा डोळ्यांदेखत उतरत गेला. सगळे वजनाला बोल लावतात. चढावर ते जाणवतं, खरंय. पण सपाट हायवेवर खरा खादाड म्हणजे वारा! गाडीच्या टपाच्या वर आलेली कॅम्परची ती सपाट भिंत हवा कापत नाही, ढकलते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १००ने गेलं की तो दीडपटीहून जास्त.

दुपारी समोरून वारा सुटला, तेव्हा गिअरबॉक्स सारखा चौथ्या-पाचव्यात घुटमळायला लागला. शेवटी चौथ्यातच ठेवला, ८० धरला. इंजिनाची कुरकुर थांबली, स्क्रीनवरचं अ‍ॅव्हरेजही सावरलं. मागचे हॉर्न मारत होते, मारोत बापडे. उद्या निघण्याआधी ट्रेलरच्या टायरमधली हवा बघायची, आणि पाण्याची टाकी मुक्कामाला पोचल्यावरच भरायची.